पेनसिल्व्हेनियातले ख्रिस्ती पंथ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी फिलाडेल्फिया, पिट्सबर्ग, हॅरिसबर्गकडे आलेली मराठी मंडळी आणि उन्हाळ्यात त्यांच्याकडे राहायला येणारे आईवडील हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. दर दोन चौकांना एक चर्च, प्रत्येकाच्या पाटीवर वेगळं नाव, मध्येच रस्त्यावरून जाणारी घोडागाडी, असं दिसल्यावर प्रश्न पडणारच. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. इथल्या चर्चच्या पाट्या वाचताना ‘हे लोक काय मानतात’ यापेक्षा ‘यांचे खापरपणजोबा कुठून आले’ हे विचारलं की बराच उलगडा होतो.

एका राज्यात इतके पंथ कसे काय?

याचं मूळ एका कर्जात आहे. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स हा अ‍ॅडमिरल पेन यांचं सुमारे १६,००० पौंडांचं देणं लागत होता. अ‍ॅडमिरल वारले. त्यांचा मुलगा विल्यम हा क्वेकर, म्हणजे पाळकाशिवाय शांत बसून उपासना करणाऱ्या पंथाचा झालेला होता आणि त्या श्रद्धेपायी तुरुंगात जाऊनही आलेला होता. १६८१ मध्ये राजानं देण्याच्या बदल्यात त्याला अमेरिकेतला भलामोठा मुलूख लिहून दिला. कर्ज फिटलं आणि डोईजड होऊ लागलेल्या क्वेकरांना जायला जागाही मिळाली. पुढच्याच वर्षी पेन स्वतः इथे आला.

त्या काळी मॅसॅच्युसेट्समध्ये प्युरिटन या कडक शिस्तीच्या प्रोटेस्टंटांचा वरचष्मा होता, तर व्हर्जिनियात अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडचं चर्च हे सरकारी चर्च होतं. पेननं आपल्या वसाहतीत सरकारी चर्च ठेवलंच नाही. चर्चसाठी कर नाही, उपासनेची सक्ती नाही. १७०१ च्या सनदेत त्यानं सद्‍विवेकाच्या स्वातंत्र्याला पहिलं कलम दिलं. हे स्वातंत्र्य आजच्या अर्थानं पूर्ण नव्हतं. ते एका सर्वशक्तिमान देवाला मानणाऱ्यांसाठी होतं, आणि सरकारी पदासाठी ख्रिस्ती असणं आवश्यक होतं. तरीही त्या काळाच्या मानानं हे फार होतं. पेननं र्‍हाइन खोऱ्यात पत्रकं वाटून जर्मन भाषकांना बोलावलं, आणि युरोपात ज्यांना कुणी उभं करत नव्हतं असे कितीतरी छोटे पंथ इथे उतरले. त्यातले काही पुढे बाकी जगातून जवळजवळ नाहीसे झाले, इथे मात्र टिकले. १७३४ मध्ये सायलीशियातून आलेले श्वेंकफेल्डर हे त्यातलंच एक उदाहरण. त्यांच्या मोजक्या मंडळ्या आजही फिलाडेल्फियाच्या उत्तरेला आहेत.

मग सगळ्यात मोठा पंथ कोणता? क्वेकरच ना?

नाही. एकेकट्या पंथाचा विचार केला तर रोमन कॅथलिक सर्वांत मोठे आहेत. प्यू संशोधन केंद्राच्या २०१४ च्या पाहणीत राज्यातले सुमारे २४ टक्के प्रौढ कॅथलिक होते. मेथडिस्ट, लूथरन, प्रेसबिटेरियन अशा जुन्या मुख्य प्रवाही प्रोटेस्टंट चर्चचे मिळून २३ टक्के, इव्हँजेलिकल (बायबल आणि वैयक्तिक श्रद्धेच्या अनुभवावर भर देणारे प्रोटेस्टंट) १९ टक्के आणि कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक चर्चचे ५ टक्के. ‘कोणताच धर्म नाही’ म्हणणारे २१ टक्के. क्वेकर एक टक्काही नाहीत.

नकाशा ढोबळ मानानं असा आहे: आग्नेयेला आणि मधल्या पट्ट्यात जर्मन वारशाचे लूथरन, रिफॉर्म्ड आणि मेनोनाइट, पश्चिमेला पिट्सबर्गभोवती प्रेसबिटेरियन आणि कॅथलिक, ईशान्येच्या कोळसापट्ट्यात कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स (पूर्व युरोपातल्या, पोपला न मानणाऱ्या परंपरेचे).

क्वेकरांनी राज्य वसवलं, मग ते गेले कुठे?

कुठेच गेले नाहीत, वाढले मात्र नाहीत. त्यांच्या सभेत पाळक नसतो, वेदी नसते, ठरलेली प्रार्थना नसते. सगळे शांत बसतात. कुणाला आतून काही सांगावंसं वाटलं तर तो उभा राहून बोलतो, नाहीतर तासभर शांतताच. फिलाडेल्फियात आर्च स्ट्रीटवर १८०४ चं सभागृह आहे. एकदा आत जाऊन त्या साध्या बाकांवर बसून पाहा.

शपथ घ्यायची नाही, शस्त्र धरायचं नाही, ही तत्त्वं सांभाळत राज्य चालवणं अवघड होतं. १७५६ मध्ये सरहद्दीवर युद्ध पेटलं तेव्हा बऱ्याच क्वेकर सदस्यांनी विधानसभेतली आपली जागाच सोडली. सत्ता सोडून तत्त्व धरणारे राजकारणी म्हणून मला त्यांचं कौतुक वाटतं. सरहद्दीवरच्या स्कॉट-आयरिश शेतकऱ्यांना मात्र तेव्हा ते मुळीच वाटत नव्हतं, हेही खरं. पुढे १८२७ मध्ये क्वेकरांतच फूट पडली आणि फिलाडेल्फियातले दोन गट थेट १९५५ मध्ये एक झाले.

त्यांचा ठसा संख्येत शोधू नका, संस्थांत शोधा. जर्मनटाउनमधल्या चौघांनी १६८८ मध्ये गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध नोंदवला. अमेरिकेतला तो अशा प्रकारचा सर्वांत जुना निषेध मानला जातो. हॅवरफर्ड, स्वार्थमोर आणि ब्रिन मॉर ही कॉलेजं क्वेकरांनी काढली. पेन विद्यापीठाचे खेळाडू स्वतःला ‘क्वेकर्स’ म्हणवत असले तरी त्या विद्यापीठाच्या स्थापनेचं श्रेय बेंजामिन फ्रँकलिनकडे जातं, आणि फ्रँकलिन क्वेकर नव्हता.

आमिश आणि मेनोनाइट एकच का?

एकाच मुळाच्या दोन शाखा. १५२५ च्या सुमारास झुरिकमध्ये काही लोकांनी म्हटलं की बाप्तिस्मा हा समजत्या वयात, स्वतःच्या निर्णयानं घ्यायचा असतो. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी घालून ख्रिस्ती होता येत नाही. आज हे वाक्य निरुपद्रवी वाटतं, पण तेव्हा त्यासाठी लोकांना नदीत बुडवून मारलं गेलं. या लोकांना पुढे मेनो सिमन्स या डच पुढाऱ्याच्या नावावरून मेनोनाइट म्हणू लागले. १६९३ मध्ये याकोब अम्मान यानं आग्रह धरला की शिस्त मोडणाऱ्याशी जेवणाखाणाचाही संबंध ठेवायचा नाही. त्यावरून फाटाफूट झाली आणि त्याच्या बाजूचे ते आमिश.

आज बहुतेक मेनोनाइट गाडी चालवतात, कॉलेजात जातात आणि तुमच्याआमच्यासारखे कपडे घालतात. अक्रन नावाच्या इथल्या छोट्या गावात त्यांच्या मदतकार्य करणाऱ्या मोठ्या संस्थेचं मुख्यालय आहे. पण घोडागाडीवाले जुन्या वळणाचे मेनोनाइटही आहेत, म्हणून घोडागाडी दिसली की आमिशच असं समजू नका. लँकेस्टर परगण्यात आमिशांच्या गाड्या करड्या रंगाच्या असतात, जुन्या वळणाच्या मेनोनाइटांच्या काळ्या. मिफ्लिन परगण्यातल्या खोऱ्यात तर आमिशांचेच तीन गट आहेत आणि गाडीच्या टपाचा रंग पाहून ते ओळखता येतात: पांढरा, पिवळा, काळा.

आमिश वीज, फोन काहीच वापरत नाहीत म्हणे?

‘काहीच नाही’ हे पर्यटकांनी केलेलं सुलभीकरण आहे. प्रत्येक धर्मविभागात साधारण पंचवीस ते चाळीस कुटुंबं असतात आणि काय चालेल, काय नाही हे ती मंडळी मिळून ठरवते. नियमांच्या या संचाला ते ‘ओर्डनुंग’ म्हणतात. यंत्र चांगलं की वाईट एवढाच प्रश्न तिथे नसतो. या वस्तूमुळे घर आणि शेजार यांचा धागा सैल होईल का, हे विचारलं जातं. म्हणून सार्वजनिक विजेची तार घरात नको, पण दाबाच्या हवेवर चालणारी अवजारं चालतील. दिवाणखान्यात फोन नको, पण शेताच्या कडेच्या टपरीत चालेल. गाडीची मालकी नको, पण दुसऱ्याच्या गाडीतून प्रवास चालेल. यात विसंगती शोधणारे पुष्कळ भेटतात. मला तरी ही तडजोड बरीच विचारपूर्वक वाटते.

त्यांचं चर्च म्हणून वेगळी इमारत नसते. एका आड एका रविवारी कुणाच्या तरी घरी किंवा कोठारात उपासना होते, जर्मनमध्ये. पाळक चिठ्ठ्या टाकून निवडतात. ना पगार, ना धर्मशास्त्राची पदवी. मुलं आठवीपर्यंत शिकतात. १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्यांना तशी मुभा दिली. ते आयकर आणि मालमत्ता कर भरतात, पण १९६५ पासून सोशल सिक्युरिटी या सरकारी पेन्शन योजनेतून त्यांना सूट मिळते, कारण म्हाताऱ्या माणसांना सांभाळणं हे मंडळीचं काम आहे असं ते मानतात.

२००६ च्या ऑक्टोबरमध्ये निकेल माइन्स इथल्या आमिश शाळेत एका बाहेरच्या माणसानं गोळीबार केला. पाच मुली गेल्या. त्याच दिवशी आमिश शेजारी मारेकऱ्याच्या बायकोच्या घरी सांत्वनाला गेले, आणि त्याच्या दफनालाही पुष्कळ जण हजर राहिले. मंडळीनं ती शाळा पाडून टाकली आणि जवळच नवी बांधली.

फोटोचं म्हणाल, तर समोरासमोर चेहऱ्याचा फोटो काढू नका. पाहुण्या आईवडिलांना हे गाडीत बसतानाच सांगून ठेवा.

बेथलेहेम, नाझरेथ ही गावं इथे कशी?

मोरावियन लोकांमुळे. यान हुस या चेक सुधारकाचा वारसा सांगणारा हा पंथ ल्यूथरच्याही आधीचा. १७४१ च्या नाताळच्या आदल्या रात्री काउंट झिन्झेन्डॉर्फनं त्यांच्या नव्या वसाहतीला बेथलेहेम हे नाव दिलं. सुरुवातीला तिथे कुटुंबं एकत्र राहत नसत. अविवाहित पुरुष, अविवाहित स्त्रिया, विधवा असे गट वेगवेगळ्या इमारतींत राहत आणि कामाची मिळकत सामायिक असे. दगडी इमारती आजही उभ्या आहेत. जुलै २०२४ मध्ये युनेस्कोनं त्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, आणि तो निर्णय झाला तो नवी दिल्लीतल्या बैठकीत. भारताशी त्यांचा आणखी जुना संबंध आहे: लेहमधलं मोरावियन चर्च याच पंथाचं.

नाताळात गेलात तर खिडक्याखिडक्यांतून टोकदार कागदी तारे दिसतील. तेही त्यांचेच.

आमच्या गावात एकाच इमारतीवर लूथरन आणि यूसीसी अशी दोन नावं आहेत. हा काय प्रकार?

जर्मन शेतकरी आले तेव्हा काही लूथरन होते, काही रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्विन या सुधारकाच्या परंपरेतले. प्रभुभोजनाच्या भाकरीबद्दल त्यांचे मतभेद, पण दोन इमारती बांधण्याइतके पैसे नाहीत. मग एकच चर्च बांधायचं, एका रविवारी यांचा पाळक, पुढच्या रविवारी त्यांचा. कबरस्तान सामायिक. लग्नंही आपापसांत होत. अशी ‘युनियन चर्च’ या भागात शेकड्यांनी होती, काही अजून आहेत. लूथरनांची घडी बसवली हेन्री मेल्चियर म्यूलेनबर्ग यांनी. ते १७४२ मध्ये आले आणि १७४८ मध्ये त्यांनी पाळकांची पहिली परिषद भरवली. ट्रॅप गावातलं त्यांचं १७४३ चं चर्च आजही जवळपास जसंच्या तसं आहे.

रिफॉर्म्ड मंडळी अनेक विलीनीकरणांतून १९५७ मध्ये ‘युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट’ म्हणजे यूसीसीत आली. या नव्या चर्चचा दुसरा भाग होता न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल चर्चचा. आणि १८१३ मध्ये मुंबईला मिशनरी पाठवणारं, पुढे १८३१ पासून अहमदनगरला काम करणारं अमेरिकन बोर्ड याच काँग्रिगेशनल लोकांनी उभं केलं होतं. रेव्हरंड ना. वा. टिळक ज्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये होते ते हेच. तेव्हा रेडिंगजवळच्या एखाद्या खेड्यात यूसीसीची पाटी दिसली तर नगरशी तिचं नातं आहे, जरा लांबचं, सासरकडून लागणारं.

पिट्सबर्गकडे सगळे प्रेसबिटेरियन का?

सगळे नाहीत, पण पुष्कळ. अल्स्टरमधून, म्हणजे आयर्लंडच्या उत्तर भागातून आलेले स्कॉट-आयरिश लोक डोंगर ओलांडून पश्चिमेला गेले आणि सोबत आपलं चर्चही घेऊन गेले. अमेरिकेतली पहिली प्रेसबिटरी, म्हणजे पाळक आणि वडीलजनांची प्रादेशिक सभा, १७०६ मध्ये फिलाडेल्फियात भरली, पहिली महासभाही १७८९ मध्ये तिथेच. या चर्चचा कारभार निवडलेल्या वडीलमंडळाकडून चालतो; त्यामुळे वादही भरपूर, ठरावही भरपूर आणि फुटीही भरपूर. १९३६ मध्ये उदारमतवादाला विरोध करणाऱ्यांनी फिलाडेल्फियातच ऑर्थोडॉक्स प्रेसबिटेरियन चर्च काढलं. अमेरिकन मुलांच्या दोन पिढ्या ज्यांच्यासमोर टीव्हीवर वाढल्या ते फ्रेड रॉजर्स हे याच भागातले, रीतसर दीक्षा घेतलेले प्रेसबिटेरियन पाळक होते.

कोल्हापूर-सांगलीच्या लोकांनी हे नाव आधी ऐकलेलं असतं. कोल्हापूरचं मिशन १८७० मध्ये अमेरिकन प्रेसबिटेरियन चर्चकडे आलं. मिरजेचं मिशन हॉस्पिटल उभं करणारे डॉ. विल्यम वानलेस मूळचे कॅनडाचे, पण त्यांना पाठवलं होतं याच चर्चच्या बोर्डानं.

कृष्णवर्णीयांची चर्च वेगळी का?

कारण त्यांना वेगळं बसवलं गेलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज मेथडिस्ट चर्चमध्ये प्रार्थनेसाठी गुडघे टेकलेल्या कृष्णवर्णीयांना उठवून दुसरीकडे जायला सांगितलं गेलं. रिचर्ड अ‍ॅलन, अ‍ॅब्सलम जोन्स आणि त्यांचे सोबती प्रार्थना संपवून बाहेर पडले. अ‍ॅलन स्वतः गुलामीत जन्मलेले, स्वतःची किंमत मोजून मुक्त झालेले. त्यांनी १७९४ मध्ये बेथेल चर्च सुरू केलं. गोऱ्या मेथडिस्टांनी त्याचा ताबा मिळवण्याचा प्रयत्न केला, प्रकरण कोर्टात गेलं, अ‍ॅलन जिंकले. १८१६ मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल म्हणजे एएमई हा स्वतंत्र पंथ स्थापन झाला आणि अ‍ॅलन त्याचे पहिले बिशप झाले. सहावा रस्ता आणि लोंबार्ड स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची ती जागा आजही त्याच मंडळीकडे आहे. फिलाडेल्फियात लिबर्टी बेल पाहायला जाणारे पाहुणे इथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर असतात आणि तरी जात नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

अ‍ॅब्सलम जोन्स मात्र एपिस्कोपल, म्हणजे अँग्लिकन परंपरेच्या अमेरिकन चर्चकडे वळले आणि त्या चर्चचे पहिले कृष्णवर्णीय धर्मगुरू झाले. एका घटनेतून बाहेर पडलेले दोन मित्र दोन पंथांत गेले, तरी त्यांची मैत्री टिकली.

कांद्याच्या आकाराचे सोनेरी घुमट दिसतात ती चर्च रशियन आहेत का?

असतीलही, नसतीलही. कोळशाच्या खाणी आणि पोलादाचे कारखाने चालवायला कार्पेथियन डोंगरातून रुसिन आणि युक्रेनियन लोक आले. ते पोपला मानणारे कॅथलिक होते, पण त्यांची उपासना पूर्वेच्या पद्धतीची आणि धर्मगुरू विवाहितही असत. इथल्या आयरिश वळणाच्या बिशपांना हे पचलं नाही. धर्मगुरू अलेक्सिस टोथ मिनियापोलिसला आले तेव्हा त्यांना सेंट पॉलच्या आर्चबिशपांनी झिडकारलं. ते १८९१ मध्ये आपल्या मंडळीसह रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये गेले, आणि पुढे विल्क्स-बॅरीला येऊन त्यांनी आणखी कितीतरी मंडळ्या तिकडे नेल्या. १९२९ मध्ये रोमनं विवाहित धर्मगुरूंवर बंधन कडक केल्यावर जॉन्सटाउनला आणखी एक ऑर्थोडॉक्स धर्मप्रांत निघाला. ते बंधन पोप फ्रान्सिस यांनी २०१४ मध्ये उठवलं. म्हणून एकाच खाणगावात सारख्याच दिसणाऱ्या दोन घुमटांपैकी एक रोमशी जोडलेला, दुसरा नाही. पाटीवर ‘बायझंटाइन कॅथलिक’ लिहिलंय की ‘ऑर्थोडॉक्स’, तेवढं वाचा. चित्रकार अँडी वॉरहॉल पिट्सबर्गच्या अशाच बायझंटाइन कॅथलिक घरातला.

स्क्रँटनमध्ये पोलिश लोकांचंही असंच झालं. चर्च आम्ही बांधलं, मग मालकी बिशपांची का, या वादातून १८९७ मध्ये पोलिश नॅशनल कॅथलिक चर्च निघालं. ते अजून चालू आहे.

कॅथलिकांना इथे त्रास झाला होता का?

हो. पेनच्या वसाहतीत त्यांना उघडपणे मिस्सा करता येत होती. १७३३ पासूनचं सेंट जोसेफ चर्च त्याची साक्ष आहे. पण आयरिश स्थलांतर वाढलं तसा द्वेषही वाढला. शाळेत कोणतं बायबल वाचायचं या वादानंतर १८४४ मध्ये फिलाडेल्फियात दंगली झाल्या, सेंट मायकेल आणि सेंट ऑगस्टीन ही चर्च जाळली गेली. याच अनुभवातून कॅथलिकांनी स्वतःच्या शाळांचं जाळं उभं केलं. बिशप जॉन न्यूमन यांचं त्यात मोठं काम आहे. १९७७ मध्ये त्यांना संतपद मिळालं.

अलीकडचा घाव आतला आहे. २०१८ मध्ये राज्याच्या ग्रँड ज्युरीनं (गुन्ह्याचे पुरावे तपासणाऱ्या नागरिकांच्या मंडळानं) सहा धर्मप्रांतांचा अहवाल दिला: सत्तर वर्षांत तीनशेहून अधिक धर्मगुरूंनी एक हजाराहून अधिक मुलांवर केलेले अत्याचार आणि ते दडपण्याची पद्धत. कॅथलिक शेजाऱ्यांशी बोलताना हा विषय निघाला तर ऐकून घ्या. पुष्कळांचा राग संस्थेवर आहे, श्रद्धेवर नाही.

कोपऱ्यावरच्या मेथडिस्ट चर्चचं नाव अचानक बदललं. का?

समलिंगी विवाह आणि समलिंगी पाळक या प्रश्नावर युनायटेड मेथडिस्ट चर्च फुटलं. २०१९ ते २०२३ या काळात देशातल्या सुमारे एक चतुर्थांश मंडळ्या बाहेर पडल्या. काही २०२२ मध्ये निघालेल्या ग्लोबल मेथडिस्ट चर्चमध्ये गेल्या, काही स्वतंत्र राहिल्या. एपिस्कोपल चर्चनं हे आधीच भोगलं होतं: पिट्सबर्गचा धर्मप्रांत २००८ मध्ये दुभंगला आणि तिथले बिशप दुसऱ्या वर्षी नव्या अँग्लिकन चर्चचे प्रमुख झाले. त्याच एपिस्कोपल चर्चमध्ये १९७४ साली फिलाडेल्फियात अकरा स्त्रियांना नियम डावलून धर्मगुरूपदाची दीक्षा देण्यात आली होती. दोन वर्षांनी नियमच बदलावा लागला.

आनंदीबाई जोशी इथेच शिकल्या ना? त्यांच्यावर धर्मांतराचा दबाव होता का?

हो, फिलाडेल्फियातल्या विमेन्स मेडिकल कॉलेजात. १८५० मध्ये निघालेल्या त्या कॉलेजामागे क्वेकरांचं मोठं पाठबळ होतं. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. पंडिता रमाबाई तो समारंभ पाहायला इंग्लंडहून आल्या होत्या. रमाबाई तोवर ख्रिस्ती झालेल्या. आनंदीबाईंनी मात्र निघण्यापूर्वीच श्रीरामपूरच्या सभेत सांगितलं होतं की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणून परत येईन. त्यांनी ते पाळलं. बंगालमधलं श्रीरामपूर बरं का, नगर जिल्ह्यातलं नव्हे.

शाळेत मुलांना बायबल वाचायला लावतात का?

सरकारी शाळेत नाही. पूर्वी राज्याच्या कायद्यानुसार रोज दहा वचनं वाचली जात. फिलाडेल्फियाजवळच्या अ‍ॅबिंग्टनमधल्या एका युनिटेरियन (त्रैक्याचा सिद्धांत न मानणाऱ्या पंथाच्या) कुटुंबानं त्याविरुद्ध दावा केला आणि १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती प्रथा घटनाबाह्य ठरवली.

दारावर मासिकं घेऊन येणारे कोण?

बहुधा यहोवाचे साक्षीदार. त्यांची चळवळ पिट्सबर्गला सुरू झाली, चार्ल्स टेझ रसेल यांच्या अभ्यासवर्गातून. त्यांच्या संस्थेच्या अधिकृत नावात अजून ‘पेनसिल्व्हेनिया’ आहे. ‘नको, धन्यवाद’ म्हटलं की ते जातात.

शेजारी चर्चमधल्या ‘फिश फ्राय’ला बोलावतात. जावं का?

जरूर. ईस्टरआधीच्या लेंट या उपवासकाळात शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून पिट्सबर्गकडे चर्चच्या तळघरात मासे तळले जातात. कुणी धर्म विचारत नाही. शाकाहारी असाल तर पिरोगी घ्या: बटाटा-चीज भरलेल्या, आधी उकडून मग बहुधा लोण्यात परतलेल्या. त्या कशात परतल्या आहेत तेवढं विचारून घ्या.

भारतीय ख्रिस्ती आणि हिंदू मंदिरं?

ईशान्य फिलाडेल्फियात मल्याळी ख्रिस्ती मोठ्या संख्येनं आहेत: मार थोमा, सिरो-मलबार, ऑर्थोडॉक्स. पिट्सबर्गजवळ पेन हिल्सचं श्री वेंकटेश्वर मंदिर सत्तरच्या दशकातलं, देशातल्या पहिल्या पारंपरिक बांधणीच्या मंदिरांपैकी एक. सेलर्सबर्गला स्वामी दयानंद सरस्वतींनी १९८६ मध्ये काढलेलं आर्ष विद्या गुरुकुल आहे.

रविवारी गाडी विकत घेता येत नाही, हे खरं आहे का?

खरं आहे. रविवारच्या विश्रांतीचे जुने कायदे एकेक करून सुटले, अगदी रविवारचा बेसबॉलही १९३३ पर्यंत बंद होता, पण मोटारविक्रीचा नियम अजून आहे. शोरूमला शनिवारी जा.